सेल्फ-वॉटरिंग कुंडीत भरायचं काय? नागपूरच्या हवेचा हिशेब धरून

आधी ताईंनी विचारलेलं थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरात मनीषनगरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. सहा सेल्फ-वॉटरिंग कुंड्या (बुडाशी पाण्याची टाकी असलेल्या) ऑनलाइन मागवल्या: दोनांत पीस लिली, दोनांत मनी प्लांट, एकात सिंगोनियम, एकात स्नेक प्लांट. आत भरली काळी माती आणि शेणखत, निम्मं-निम्मं. आता पीस लिलीची पानं पिवळी पडताहेत, स्नेक प्लांट बुडाशी मऊ पडलाय, आणि मनी प्लांटची टाकी भरलेली असूनही वरची माती कडक होऊन कडेला फट पडलीय. मे महिन्यात वीस दिवस मुलीकडे पुण्याला जायचंय. म्हणून, "एकच नेमकं प्रमाण सांगा, आणि कोणतं पोतं विकत घेऊ तेही सांगा."

ताई, प्रमाण पुढे दिलंय. पण तुमच्या वर्णनातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एकच माती, एकच घर, तरी एका कुंडीत मुळं कुजली आणि दुसरीत माती वाळून फुटली. टाक्या सगळ्यांच्या भरलेल्या. हे असं का झालं ते कळलं, की दुकानात पोत्यावर काहीही छापलेलं असो, ते घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्हीच ठरवाल.

ऑफिसं, दवाखाने आणि घरं यांतल्या कुंड्या सांभाळणं हा माझा धंदा आहे. सेल्फ-वॉटरिंग कुंड्या जास्त करून दवाखान्यांत आणि ऑफिसांत लागतात, कारण तिथं शनिवार-रविवारी पाणी घालायला कुणी नसतं. मला येणाऱ्या तक्रारींत कुंडी खराब निघाल्याची क्वचितच असते. बहुतेक वेळा आतलं भरण चुकलेलं असतं.

साध्या कुंडीत आपण वरून पाणी घालतो, ते मातीतून उतरतं आणि जास्तीचं खालच्या भोकातून निघून जातं. जाताना आपल्या मागे ताजी हवा आत ओढून घेतं. सेल्फ-वॉटरिंग कुंडीत हे सगळं उलट चालतं. पाणी खाली टाकीत असतं, आणि समईत वात तेल ओढते तसं तुमचं मिश्रण ते वर ओढतं. काही कुंड्यांत खरोखरची दोरीची वात असते, काहींत मिश्रणाचाच एक पाय टाकीत उतरलेला असतो. दोन्हींत काम तेच. म्हणजे इथं मिश्रणाला दोन कामं करायची आहेत: पाणी वर पोचवायचं, आणि पोचवतानाच मुळांना श्वासापुरती हवा शिल्लक ठेवायची. झाडाला खाऊ घालणं हे तिसरं काम, आणि ते आपण बाहेरूनही करू शकतो. नर्सरीत विचारलं की सगळे या तिसऱ्या कामापासून सुरुवात करतात: "खत भरपूर घाला". गडबड तिथूनच होते.

पाणी किती उंच चढणार हे मिश्रणातल्या फटींच्या आकारावर ठरतं. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी जेमतेम तीन सेंटिमीटर चढतं. तीच नळी दहापट बारीक केली तर तीस सेंटिमीटर. मग सगळंच बारीक घेतलं तर? पाणी अगदी वरपर्यंत पोचेल, पण बारीक फटी पाण्याने गच्च भरलेल्या राहतील आणि हवेला जागाच उरणार नाही. सगळं जाडंभरडं घेतलं तर हवा भरपूर, पण पाणी तळाशीच अडकेल आणि वरची मुळं तहानलेली राहतील. दोन्ही आकाराच्या फटी शेजारी-शेजारी हव्यात, बारीक पाण्यासाठी आणि मोठ्या हवेसाठी. चांगल्या मिश्रणाकडून एवढीच अपेक्षा आहे.

आता तुमची काळी माती. आपल्या विदर्भाची ही माती कपाशीला, तुरीला, संत्र्याला सोन्यासारखी, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतात त्या भेगांचं चालून जातं, कारण खाली कित्येक फूट माती असते. कुंडीत खालून सतत पाणी मिळत राहिलं की तळाची माती फुगते आणि तिच्या फटी बंद होतात. तिथं हवाही नाही आणि पुढे पाणीही चढत नाही. वरचा थर तोवर पंख्याने, कोरड्या हवेने वाळतो, आक्रसतो आणि कुंडीच्या कडेपासून सुटतो. मग आपण घाबरून वरून तांब्याभर पाणी ओततो. ते कडेच्या फटीतून थेट टाकीत जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मनी प्लांटच्या कुंडीत हे झालंय. पीस लिलीला पाणी जास्त लागतं म्हणून तुम्ही तिच्या टाकीकडे जास्त लक्ष दिलं असणार, म्हणून तिथं तळाचा चिखल आधी जिंकला.

खात्री करायची तर पीस लिलीची एक कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करा. मातीचा गोळा अख्खा निघेल. खालचा तिसरा हिस्सा करडा-काळा दिसेल आणि त्याला गटाराचा वास येईल. तिथलं एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निसटून आली आणि हातात नुसता दोरा राहिला, तर ते मूळ मेलेलं. वरच्या भागातली पांढरी, कडक मुळं मात्र जिवंत असतील, आणि झाड वाचवायला तेवढी पुरतात. एक लक्षात ठेवा, पीस लिली पाणी कमी झालं तरी मान टाकते आणि मुळं कुजली तरी मान टाकते. टाकीत पाणी असताना मान टाकली असेल तर आणखी पाणी घालणं म्हणजे तिला मारणंच.

"मातीत रेती मिसळली तर?" हा प्रश्न हमखास येतो. गच्चीवरच्या साध्या कुंड्यांत कन्हान नदीची जाड रेती चाळून घातली तर हरकत नाही. इथं नको. काळ्या मातीत थोडी रेती घातली तर मातीचे बारीक कण रेतीच्या कणांमधल्या जागा भरून टाकतात आणि आधीपेक्षाही घट्ट गोळा होतो. तसंच तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालायचा जुना रिवाज. साध्या कुंडीतही त्याचा फायदा सांगितला जातो तेवढा नसतो. इथं तर थेट नुकसान आहे: खड्यांमधल्या मोठ्या फटींतून पाणी वर चढूच शकत नाही. टाकी आणि मिश्रण यांच्यामध्ये खड्यांचा थर टाकला की वातच तोडली. मिश्रणाचा जो पाय टाकीत उतरतो, तो तर उलट बारीक, ओल्या कोकोपीटनेच भरायचा आणि बोटाने हलका दाबायचा, आत पोकळी राहू द्यायची नाही.

मग घ्यायचं काय?

मुख्य माल कोकोपीट. नारळाच्या काथ्यातून उरलेला भुसा. स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतो आणि तरी थोडी हवा राखून असतो. यूट्यूबवरच्या परदेशी व्हिडिओंत पीट मॉस, म्हणजे दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, सांगतात. कॅनडात आणि उत्तर युरोपात त्याच्या दलदली आहेत म्हणून त्यांना ते सोयीचं. ते बरंच आम्ल असतं, म्हणून त्यांच्या प्रमाणात चुना असतो. कोकोपीटला चुना लागत नाही. तिकडचं प्रमाण पाहून चमचाभर चुना इथं घालू नका, नागपूरच्या पाण्यात चुना आधीच पुरेसा आहे.

कोकोपीटची एकच खोड, पण ती या कुंड्यांत फार महागात पडते. नारळाच्या पट्ट्यात, बऱ्याचदा खाऱ्या पाण्याच्या आसपास ते तयार होतं, त्यामुळे त्यात मीठ राहतं. साध्या कुंडीत वरून घातलेल्या पाण्याबरोबर ते हळूहळू वाहून जातं. तुमच्या कुंडीत पाणी खालून वर जातं आणि वरून फक्त वाफ उडते, मीठ आतच राहतं, वरच्या थरात साठत जातं आणि पानांची टोकं करपायला लागतात. म्हणून वीट फोडून सरळ कुंडीत भरायची नाही. बादलीत भिजवा, फुगली की जुन्या साडीच्या कापडात किंवा तागाच्या पोत्यात घालून पिळा, पाणी फेका. पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. घरी आरओवाल्याकडचं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, असेल तर काम सोपं: पिळलेल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत धूत राहा. शेतीसाहित्याच्या दुकानात कॅल्शियम नायट्रेट मिळतं. शेवटच्या धुण्याआधी दहा लिटर पाण्यात त्याचे दोन लहान चमचे टाकून कोकोपीट रात्रभर त्यात ठेवलं, तर तंतूंना चिकटून बसलेलं सोडियमही सुटतं. नुसत्या पाण्याने ते पूर्ण निघत नाही. पाकिटावर "लो ईसी" (म्हणजे मीठ कमी) किंवा "वॉश्ड" लिहिलेलं असलं तरी एकदा धुवाच. लिहायला काय लागतं!

दुसरा माल हवेसाठी. पर्लाइट सगळ्यात सोयीचं, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेसारख्या खडकाला भट्टीत फुलवून केलेले पांढरे दाणे. तीन ते सहा मिलिमीटरचे जाड दाणे मागा. पिठासारखं बारीक असेल तर घेऊ नका, त्याने मोठ्या फटी होत नाहीत. मिसळायच्या आधी पाण्याचा हबका मारा आणि नाकाला रुमाल बांधा, धूळ घशात बसते. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे अभ्रकासारख्या खनिजाचे फुलवलेले दाणे, दुकानदार सोबत खपवतात. बी रुजवायला ते छान, पण सतत ओल्यात काही महिन्यांनी त्याचे पदर दबून चपटे होतात. या कुंड्यांत मी घालत नाही.

इथं आपल्या भागाचा एक फायदा सांगतो. भंडारा-गोंदियाकडे आणि आपल्या रामटेक-मौदा पट्ट्यात धान होतं, गिरण्या आहेत, आणि धानाचं तूस ढिगाने पडलेलं असतं. अर्धवट जाळलेलं तूस, काळं पण आकार शाबूत असलेलं, या मिश्रणात फार चांगलं काम करतं. हलकं असतं, लवकर कुजत नाही आणि हवा खेळती ठेवतं. कच्चं तूस नको. ते कुजताना झाडाच्या वाट्याचा नायट्रोजन खातं आणि त्यातले चुकलेले दाणे उगवून येतात. पूर्ण जळून पांढरी झालेली राखही नको, ती फार अल्कधर्मी असते. कोराडी-खापरखेड्याकडची औष्णिक वीज केंद्राची राख कुंडीसाठी छान असते असंही कुणीतरी सांगतं. तिचे कण पिठाहून बारीक असतात, फटी बुजवतात. विटा करायला ती ठीक आहे.

तिसरा माल गांडूळखत, तेही थोडंच. साध्या कुंडीत आपण तिसरा हिस्सासुद्धा घालतो, इथं दहा टक्क्यांच्या फार पुढे जायचं नाही. सतत ओल्या आणि कमी हवेच्या जागी सेंद्रिय माल जास्त झाला की तो सडतो, टाकीला वास येतो आणि मातीवर त्या बारीक काळ्या माश्या घोंघावायला लागतात. शेणखत, सरकी किंवा मोहरीची पेंड, स्वयंपाकघरातलं कंपोस्ट हे या कुंड्यांत नकोच. निंबोळी पेंड चिमूटभर वरच्या थरात चालते.

तर तुमच्या पीस लिली, मनी प्लांट आणि सिंगोनियमसाठी, आकारमानाने मोजून: धुतलेलं कोकोपीट ५ भाग, जाड पर्लाइट ३ भाग, अर्धवट जळालेलं तूस १ भाग, गांडूळखत १ भाग. तूस मिळालं नाही तर पर्लाइट ४ करा. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर मिश्रण बसतं, म्हणजे पाच कुंड्यांना वीस लिटर. कोकोपीटच्या ६५० ग्रॅमच्या दोन विटा पुरून उरतील. पाच किलोचा ठोकळा साठ-सत्तर लिटर होतो, तो घेऊन काय कराल? तयार पोतंच हवं असेल तर नाव कोणतंही असू द्या, मागे लिहिलेले घटक वाचा. पहिला घटक "माती" असेल तर ठेवून द्या. हातात पोतं जड लागलं तरी ठेवून द्या. हलकं असेल, कोकोपीट आणि पर्लाइट असेल, तर घ्या, आणि घरी आणखी थोडं पर्लाइट मिसळा. "इनडोअर मिक्स" म्हणून विकतात त्यात दोनचार पांढरे दाणे दाखवायला टाकलेले असतात.

हे प्रमाण दगडावरची रेघ नाही. तीन गोष्टींवर ते हलतं.

पहिली कुंडीची उंची. मिश्रणाची खोली पंधरा ते वीस सेंटिमीटर असेल तर वरचं प्रमाण बसतं. उंच, निमुळती शोभेची कुंडी असेल तर पाणी वर पोचायला कोकोपीट ६ आणि पर्लाइट २ करा. बुटकी, पसरट असेल तर उलट, पर्लाइट वाढवा, नाहीतर सगळी कुंडी वरपासून खालपर्यंत गच्च ओली राहते.

दुसरी झाडाची जात. फर्न, पीस लिली यांना ओल चालते. ॲग्लोनेमाची मुळं जाड, त्याला हवा जास्त लागते, म्हणून मी त्यात कोकोपीटचा एक भाग काढून नारळाच्या सालीचे तुकडे घालतो. झीझी, स्नेक प्लांट, जेड, कोरफड यांना ही कुंडीच नको.

तिसरी गोष्ट आपली हवा, आणि हिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारची हवा एवढी कोरडी असते की धुतलेला टॉवेल तासाभरात वाळतो. झाड पाणी भराभर पितं, वरचा थरही लवकर वाळतो. पण त्याच वेळी टाकीतलं पाणी गरम होतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, ३५ अंशांना साधारण सात. मुळांना मात्र उष्णतेत श्वास जास्त लागतो. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेल्या गडद रंगाच्या प्लास्टिक कुंडीत भर उन्हाळ्यातही मुळं कुजतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. मिश्रण जरा मोकळं ठेवा आणि कुंडी सरकवा, टाकी डोळे झाकून भरत बसू नका. कूलर असलेल्या खोलीत हवा दमट असते, तिथं झाड कमी पितं. पण कूलरच्या थेट झोतात ठेवलं तर पानांच्या कडा फाटतात, त्याला कोणतंही मिश्रण इलाज नाही. मग जुलै-ऑगस्ट. हवेत पाणीच पाणी, ऊन नाही. तेव्हा टाकी रिकामी झाली की लगेच भरू नका, दोन-तीन दिवस कोरडी राहू द्या. रिकाम्या टाकीतून वर जाणारी हवा हा मुळांसाठी मोठा आराम असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड होतात, झाडं अर्धी झोपलेली असतात, तेव्हाही हाच नियम.

मिश्रण केलं की सगळ्या कुंड्या भरण्याआधी एक चाचणी करा. पाण्याची रिकामी लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून टाका, बुडाला तापलेल्या सुईने सात-आठ भोकं पाडा. तुमचं मिश्रण हलकं ओलं करून बाटलीत भरा. ओलं किती? मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण थेंब पडू नये. बाटली एका ताटलीत दोन बोटं पाण्यात उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. बाटली पारदर्शक असल्यामुळे ओलीचा गडद रंग कुठपर्यंत चढला ते सरळ दिसतं. वरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर फिका आणि खालचा सगळा गडद, पण दाबल्यावर चिखल नाही, तर मिश्रण जमलं. पार वरपर्यंत काळंकुट्ट आणि वर पाणी चमकतंय, तर पर्लाइट वाढवा. अर्ध्यावरच थांबलं तर कोकोपीट वाढवा. वरचा थर कोरडा राहणं चांगलंच असतं, त्यात माश्या अंडी घालत नाहीत. दोरीची वात असलेली कुंडी असेल तर दोरीही तपासा. सुती नाडी काही महिन्यांत कुजून तुटते. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची विणलेली दोरी घ्या, आधी साबणाने धुऊन, कारण नव्या दोरीवर तेलकटपणा असतो आणि ती पाणी ओढत नाही.

झाड लावताना जुनी काळी माती मुळांवरून बादलीच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन काढा. गोळा तसाच नव्या मिश्रणात बसवला तर मधे चिखल, बाजूला मोकळं, आणि दोन्हींमध्ये पाण्याचा ताळमेळ लागत नाही. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. पीस लिलीची पिवळी पडलेली पानंही काढा, उरलेल्या मुळांना तेवढी पानं पोसवत नाहीत. आणि पहिले तीन-चार आठवडे टाकी रिकामीच ठेवा, वरून थोडं-थोडं पाणी द्या. मुळं खाली जाऊन ओल शोधायला लागली की मग टाकी भरायची. लावल्या दिवशी टाकी भरणं हे या कुंड्यांतलं सगळ्यात जास्त दिसणारं अपयश आहे, आणि कुंडीसोबत येणाऱ्या कागदावर ते धड लिहिलेलं नसतं.

खत सोपं आहे. १९:१९:१९ विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, वरून, महिन्यातून एकदा, आणि फक्त झाड वाढत असताना. टाकीत खत घालू नका, शेवाळ धरतं.

मिठाचा बंदोबस्त मात्र नेमाने करा. दर दीड-दोन महिन्यांनी कुंडी बाथरूममध्ये नेऊन टाकी उपसा, आणि वरून कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओता, सगळं वाहून जाऊ द्या. महानगरपालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी असेल तर एवढं पुरतं. तुमच्या बाजूच्या बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं. ते जड असेल तर महिन्याला एकदा धुवा, आणि जमेल तेव्हा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी टाकीत वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आणि आरओचं फेकायचं पाणी अजिबात नको. दोन्हींत क्षार आटून दाट झालेले असतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक तेच नेमाने कुंडीत घालतात आणि मग पानांची टोकं का जळतात म्हणून विचारतात.

डासांचंही बोलून टाकतो. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू काही नवा नाही, आणि त्याच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी आवडतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी भरायच्या नळीच्या तोंडावर नायलॉनची जाळी रबराने बांधा, जास्तीचं पाणी जाण्याच्या भोकावरही. आणि टाकी साफ करताना आतून ब्रशने घासा. अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि महिनोन् महिने कोरडी राहूनही पुन्हा पाणी आलं की फुटतात.

आता तुमचे मे महिन्यातले वीस दिवस. टाकी वीस दिवस पुरेल का, हे कुंडी विकणारा सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. तुम्ही मोजू शकता. मार्चअखेरपर्यंत नव्या मिश्रणात झाडं लावा, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत मुळं खाली उतरलेली असतील. मग जायच्या आधी एक आठवडा, कूलर बंद ठेवलेल्या खोलीत, टाकी काठोकाठ भरून कोणत्या कुंडीने किती पाणी प्यायलं ते लिहून ठेवा: आठव्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरायला किती मापं लागली, तेवढंच. टाकी दोन लिटरची आणि आठवड्याला सहाशे मिलिलिटर गेलं, तर वीस दिवस निघतील. लिटरभर गेलं तर नाही निघणार. तशा कुंड्यांची मोठी पानं कमी करा, आणि सगळ्या कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खोलीत एकमेकींना खेटून ठेवा, पडदा अर्धा ओढून. बंद फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर स्लॅब तापतो, म्हणून बाथरूमला खिडकी असेल तर तीच जागा सगळ्यात गार. तुमच्या तारखा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, येत असतील तर शेजारी किल्ली देऊन दहाव्या दिवशी एकदा टाक्या भरायला सांगा. एवढ्यासाठी कुणी नाही म्हणत नाही.

स्नेक प्लांटचं राहिलं. तो आजच त्या कुंडीतून काढा. मऊ झालेला भाग धारदार सुरीने कापून टाका, कापलेली जागा दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. मग भोक असलेल्या साध्या मातीच्या कुंडीत, जाड रेती आणि थोडं कोकोपीट घालून लावा. तुम्ही पुण्याहून येईपर्यंत त्याला पाण्याची आठवणही येणार नाही. त्याची रिकामी झालेली कुंडी मनी प्लांटची एखादी फांदी लावायला वापरा. कुंड्यांची खोली आणि टाक्या किती लिटरच्या आहेत ते इथं कळवलंत तर प्रमाण आणखी नेमकं करून देतो.